भायखळ्याचे घर आणि चांदूरचा वाडा

वऱ्हाडच्या नकाशावर अमरावतीपासून सरळ उत्तरेस, सातपुड्याच्या रोखाने बोट सरकवीत नेले, म्हणजे अचलपूरच्या पूर्वेस चांदूर बाजार हे तालुक्याचे गाव सापडते. याच जिल्ह्यात चांदूर रेल्वे नावाचे दुसरे गाव असल्यामुळे आमच्याकडे प्रथमच येणारा पाहुणा कधी कधी भलत्याच चांदुरास जाऊन उतरतो, आणि मग वाढलेल्या पानांवर बसून त्याची वाट पाहण्याचा प्रसंग येतो. प्रज्ञाचक्षु श्री गुलाबराव महाराजांचे माधान आमच्याच तालुक्यात आहे. त्या निमित्ताने येणारी भाविक मंडळी सोडली, तर केवळ प्रेक्षणीय स्थळ म्हणून कोणी मुद्दाम येथे यावे, असे काही नाही. कपाशी, तूर, संत्र्यांचे बगीचे, नावास साजेसा बाजार, आणि त्या बाजाराच्या रस्त्यावर पडू आलेले काही जुने वाडे, एवढेच आमचे वैभव.

त्या वाड्यांपैकी एक आमचा. पणजोबांनी बांधलेला. भिंती पांढऱ्या मातीच्या, दोन हात रुंद. खांब आणि तुळया सागवानी. पुढे देवडी, मग ओसरी, चौक, माजघर, मागे पडवी, आणि वर रस्त्याच्या अंगास माडी. छपरावर कवेलू. एके काळी या घरात सकाळच्या पंगतीस तीस पाने मांडली जात. आज थोरले बंधू, आम्ही, आमच्या आत्याबाई आणि मुले मिळून नऊ माणसे राहतो. बाकीची भावंडे पुण्यास, नागपुरास, एक तर परदेशात. वाडा मात्र सर्वांच्या नावावर आहे, आणि जे सर्वांचे असते त्याची काळजी कोणासच नसते, हा अनुभव एकत्र कुटुंबात राहणाऱ्या वाचकांस सांगणे नलगे.

दादांचे म्हणणे असे, की वाडा पाडावा, रस्त्याकडे दुकानांचे गाळे काढावे आणि वर राहण्यास सोयीची घरे बांधावी. त्यांचे म्हणणे चुकीचे होते असे मुळीच नाही. पावसाळ्यात माडीवर सात ठिकाणी भांडी ठेवावी लागत. पूर्वेकडील भिंतीस चार वर्षांपूर्वी आम्ही हौसेने सिमेंटचा गिलावा दिला होता, तो मातीचे मोठमोठे पोपडे बरोबर घेऊन खाली आला. विवाहयोग्य मुलांच्या घरी पाहुणे आले, म्हणजे त्यांची दृष्टी आधी आढ्याकडे जाई. अशा घराबद्दल ममता दाखविणे सोपे आणि त्यात राहणे कठीण. ममता दाखविणारे बहुतेक सारे आप्त बाहेरगावी राहतात, हेही दादा जाणून होते.

उलट पक्षी आमची पुतणी. ती मुंबईस सर जे. जे. कलाशाळेत शिकून परत आलेली, आणि माडीवर तिचा सारा पसारा. कॅनव्हास, रंगांच्या नळ्या, टर्पेंटाइनचा वास. तिला दुसरी इतकी मोठी आणि उत्तरेच्या उजेडाची खोली या गावात मिळण्यासारखी नव्हती. ती दादांचीच कन्या. त्यामुळे हा वाद भावाभावांत न होता बापलेकींत होत असे, आणि म्हणूनच तो अधिक अवघड होता. अखेरीस ती एवढेच म्हणाली, “बाबा, पाडायचा तर पाडा. पण त्याआधी एकदा सगळे मिळून भायखळ्याला चला. ते घर पुन्हा उघडले आहे.”

“ते घर” म्हणजे राणीच्या बागेतील डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. आमच्या कुटुंबात त्यास घर का म्हणतात, याचा खुलासा पुढे येईल.

तेव्हा २०२५ च्या फाल्गुनात आम्ही सहा जण निघालो. त्यांत आत्याबाईही होत्या. वय ब्याऐंशी, पण प्रवासाचे नाव काढताच सर्वांच्या आधी त्यांची पिशवी तयार. चांदूरहून एस. टी.ने अमरावती, आणि तेथून रात्रीच्या गाडीने मुंबई. बडनेरा, अकोला, भुसावळ ही स्थानके अंधारात मागे पडू लागली. झोप येईना, म्हणून या रुळांचा विचार मनात घोळू लागला. मुंबईहून निघालेला हा लोहमार्ग १८६७ साली नागपुरास पोचला. त्याच्या थोडे आधी, १८६१ पासून १८६५ पर्यंत अमेरिकेत यादवी युद्ध पेटले होते. तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांस मिळेना, तेव्हा हिंदुस्थानच्या कापसास सोन्याचा भाव आला. मुंबईच्या पेढ्यांवर जो पैशाचा पूर लोटला, त्यात वऱ्हाडच्या काळ्या मातीचाही वाटा होता. आम्ही जे घर पाहावयास निघालो होतो त्याची कोनशिला याच पुराच्या ऐन भरात, १८६२ च्या नोव्हेंबरात, गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते बसली. तेव्हा ते घर अगदीच परक्याचे म्हणता येणार नाही, असे वाटून थोडी झोप लागली.

सकाळी मुंबईस उतरून लोकलने भायखळा गाठले. हे स्थानकही मुंबईच्या फार जुन्या स्थानकांपैकी एक. त्याची जुनी इमारत अलीकडेच निगुतीने दुरुस्त केली असून त्या कामास २०२२ साली युनेस्कोचा सन्मान मिळाला. एरवी लोकलच्या गर्दीत मान वर करून कोणी पाहत नाही. पण घर पाडण्याचा प्रश्न डोक्यात असलेला मनुष्य जेथे जातो तेथे आढी आणि भिंतीच पाहतो. दादांनी फलाटावरच उभे राहून लाकूडकाम न्याहाळले, आणि मागून येणाऱ्या दोघातिघांचे धक्के खाल्ले.

राणीची बाग, म्हणजे आताचे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. मुलांचे पाय अर्थातच पेंग्विन पक्ष्यांच्या दिशेने वळले. बाग आणि संग्रहालय बुधवारी बंद असते. आमचा वार सुदैवाने गुरुवार होता. मुलांस त्यांच्या काकूबरोबर पक्ष्यांकडे धाडून आम्ही संग्रहालयाच्या आवारात शिरलो. तेथे बाहेरच घारापुरीहून आणलेला दगडी हत्ती उभा आहे, तोच हत्ती ज्याच्यावरून त्या बेटास परकीयांनी एलिफंटा हे नाव दिले. आत्याबाईंनी त्यास गणपतीसारखा नमस्कार केला.

आता या घराची कुळकथा थोडक्यात सांगितली पाहिजे. १८५५ साली पॅरिस येथे भरलेल्या मोठ्या प्रदर्शनासाठी मुंबई इलाख्यातील कारागिरीच्या वस्तू जमविण्यात आल्या. त्याच वेळी मुंबईतही असा संग्रह असावा, या हेतूने तो कोटातील बराकींत मांडला गेला. परंतु १८५७ चा उठाव झाला, बराकी सैन्यास हव्या झाल्या, आणि त्या घाईत कित्येक वस्तूंची नासधूस झाली. म्हणजे या संग्रहाचे पहिले बिऱ्हाड मोडले ते असे. पुढे नाना शंकरशेट, डॉ. भाऊ दाजी लाड, डॉ. जॉर्ज बर्डवुड या मंडळींनी मनावर घेतले, वर्गणी जमविली, आणि संग्रहासाठी स्वतंत्र इमारत उभारण्याचे ठरले. कोनशिला बसली, पण १८६५ साली अमेरिकेतील युद्ध थांबले, कापसाचा भाव कोसळला, पेढ्या बुडाल्या, आणि वर्गणीचा ओघ आटला. नाना शंकरशेट त्याच वर्षी वारले. अखेर सरकारने पैसा घालून काम पुरे केले आणि १८७२ च्या २ मे रोजी हे संग्रहालय लोकांस खुले झाले. भाऊ दाजींनी ते पाहिले. पण दोनच वर्षांत, १८७४ साली, त्यांनीही इहलोकीची यात्रा संपविली. व्हिक्टोरिया राणी आणि तिचा पती आल्बर्ट यांचे नाव या वास्तूस शंभरावर वर्षे होते. १९७५ साली ते जाऊन भाऊ दाजींचे नाव आले. ज्याने घरासाठी दारोदार हिंडावे त्याचे नाव दारावर लागण्यास एक शतक जावे लागते, हे आमच्याकडील कुटुंबप्रमुखांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे!

पुढे या घराची जी अवस्था झाली ती कोणत्याही जुन्या घराची होते तीच. छत गळू लागले, रंगांवर रंग चढले, वस्तू धुळीत गेल्या. २००३ साली तिघांनी मिळून दुरुस्तीचा करार केला. मालक या नात्याने मुंबई महानगरपालिका, वारसा जतन करणारी इंटॅक ही संस्था, आणि आमच्याच विदर्भातील वर्ध्याचे जमनालालजी बजाज यांच्या नावाचे प्रतिष्ठान. वास्तुजतनाचे काम विकास दिलावरी यांजकडे होते. या कामास २००५ साली युनेस्कोचा आशिया व पॅसिफिक विभागातील सर्वोच्च पुरस्कार मिळाला, आणि २००८ च्या जानेवारीत दारे उघडली. हे घर नफ्यासाठी चालत नाही. त्याचा कारभार विश्वस्तांकडे आहे.

आमची या वास्तूशी ओळख त्यानंतरची, २०११ सालची. एका लग्नास मुंबईस गेलो असता बागेत आलो आणि ऊन चुकविण्यासाठी आत शिरलो. पाहतो तो त्या सोनेरी दालनात बांबूंची परांची बांधलेली! “अजून काम चालूच आहे की यांचे,” असे म्हणून दादांनी आपले नवे धोतर सावरले, कारण वरून रंग पडेल अशी त्यांस धास्ती वाटली. आमची पुतणी त्या वेळी दहा वर्षांची. ती सरळ परांचीजवळ गेली आणि ओरडली, “बाबा, हे बांबू नाहीत! यांच्यावर प्राणी आहेत!” पाहिले तो खरेच. बांबूंच्या पेरांवर लहान लहान पशुपक्षी कोरलेले, एकमेकांस गिळणारे, अगदी बोरीबंदर स्थानकाच्या भिंतींवर असतात तसे. तेथील पहारेकऱ्याने समजाविले, की हे बांबू राळेच्या जातीच्या पदार्थाचे ओतलेले असून जितीश कल्लाट या मुंबईच्या चित्रकाराने केलेले आहेत. असे एकशे वीस नग. दुरुस्त झालेल्या घरात पुन्हा परांची उभी करून त्याने जणू प्रश्न विचारला होता, की काम संपले असे तुम्हांस कोणी सांगितले?

दादा त्या वेळी हसले आणि म्हणाले, “मुंबईकरांस उद्योग नाहीत.” मुलगी मात्र हसली नाही. पुढे ती जे. जे. कलाशाळेत का गेली, हे विचारणाऱ्यास ती नेहमी हीच गोष्ट सांगते. आणि त्या दिवसापासून आमच्याकडे या संग्रहालयास घर म्हणण्याचा प्रघात पडला.

असो. त्यानंतर काही वर्षांनी ही वास्तू पुन्हा दुरुस्तीसाठी बंद ठेवावी लागली आणि २०२५ च्या आरंभी ती दुसऱ्यांदा लोकांस खुली झाली. म्हणूनच पुतणीने आम्हांस आग्रहाने आणले होते. आत पाऊल टाकताच क्षणभर कोणी बोलले नाही. ओतीव लोखंडाचे उंच खांब, त्यांवर सोन्याच्या वर्खाचे काम, पायांखाली रंगीत फरशी, मध्ये डेव्हिड ससून यांनी दिलेला आल्बर्टचा संगमरवरी पुतळा, आणि वर सज्जाचा कठडा. कपाटांतून मातीच्या लहान लहान मूर्ती मांडल्या आहेत. नाना जातींचे, नाना धंद्यांचे लोक, त्यांच्या पगड्या, त्यांचे पोशाख. आत्याबाई एका पगडीपुढे बराच वेळ उभ्या राहिल्या. “अशी आमच्या आजोबांची खुंटीवर असे,” एवढेच म्हणाल्या.

मग त्यांनी पुतणीस विचारले, “अगं, हे तर मागे आपण आलो तेव्हाही नीट केलेले होते ना? मग पुन्हा कशाला?”

पुतणीने सांगितले, की मुंबईची हवा खारी आणि पावसाळा चार महिन्यांचा. लोखंड, लाकूड, चुना, वर्ख या साऱ्यांवर तो सतत काम करीत असतो. कितीही चांगली दुरुस्ती केली तरी ती कायमची नसते.

आत्याबाई म्हणाल्या, “म्हणजे आपल्यासारखेच की. एकदा सारवले म्हणून घर राहते का? मी सासरी असताना आणि येथे आल्यावरही दर सणाला पोतेरे हातात घेतले. भिंतीस पोचारा, जमिनीस सारवण, मृगाच्या आधी कवेलू उतरवून पुन्हा बसविणे. ते थांबले, आणि मग तुम्ही म्हणता वाडा जुना झाला. वाडा जुना नाही झाला. हात थांबले.”

यात आत्याबाईंनी कोणास दोष दिला नव्हता. पण दादा आणि प्रस्तुत लेखक दोघेही जवळच्या कपाटातील वस्तूंकडे फार लक्षपूर्वक पाहू लागले.

तरी दादांनी आपला मुद्दा सोडला नाही, आणि तो सोडण्यासारखा नव्हताही. ते म्हणाले, “जुने जपले हे उत्तमच झाले. पण येथे या नव्या लोकांची चित्रे, ती परांची, हे सारे कशाला? जुन्या घरात जुनेच असू द्यावे.” या संग्रहालयाने सुदर्शन शेट्टी, कल्लाट, अतुल डोडिया यांसारख्या आजच्या कलावंतांस बोलावून, येथील जुन्या संग्रहास उत्तर देतील अशी प्रदर्शने वारंवार भरविली आहेत, त्याबद्दल ते बोलत होते.

पुतणी थोडी थांबून म्हणाली, “बाबा, नुसत्या जुन्या पगड्या पाहायला माणूस एकदा येतो. नवे काही असले म्हणजे पुन्हा येतो. आणि माणसे येत राहिली, तरच गळती कोणाला तरी दिसते. कुलूप लावलेल्या घरात पाणी गळते तेव्हा पाहणारे कोण असते?”

या उत्तराने वाद मिटला असे नाही. परंतु परतीच्या गाडीत दादांनी खर्चाचा हिशेब वहीच्या मागच्या पानावर मांडण्यास घेतला, आणि तो भुसावळपर्यंत चालला होता.

चांदुरास आल्यावर आम्ही गावातील एका वृद्ध गवंड्यास बोलाविले. त्याने पूर्वेच्या भिंतीवर बोटाने टिचकी मारली आणि सिमेंटचे कारण दोन वाक्यांत सांगितले. मातीची भिंत ओल घेते आणि ओल सोडते. सिमेंटने तिचे तोंड बंद होते, आतले पाणी आतच राहते आणि माती कुजते. चुना तसे करीत नाही, तो भिंतीस श्वास घेऊ देतो. म्हणून जुनी माणसे चुना घाणीत मळून, त्यात गूळ, हिरडा आणि बेलफळाचा गर घालून वापरीत. मुंबईस एवढ्या विद्वान मंडळींनी जे जपले ते आमच्या गवंड्यास ठाऊक होते. आम्हीच त्यास इतकी वर्षे विचारले नव्हते.

निर्णय झाला तो सर्वांच्या मनासारखा झाला नाही. देवडी, ओसरी, माजघर आणि माडी राखावी. रस्त्याकडील देवडीच्या दोन्ही अंगांस दोन गाळे काढून ते भाड्याने द्यावे. आणि त्या भाड्यातून घरखर्चास एक पैसाही न घेता तो दुरुस्तीच्या निराळ्या खात्यात टाकावा, असे दादांनी ठरविले. बाहेरगावच्या भावंडांस पत्रे गेली. दोघांनी पैसे पाठविले, एकाने सल्ला पाठविला. मागची पडवी मात्र वाचविता आली नाही. तिची भिंत पोटातून फुगली होती. त्या पडवीच्या कोपऱ्यातील खोलीत आत्याबाईंचा जन्म झाला होता. ती उतरविली त्या दिवशी त्या दिवसभर देवघरात बसून राहिल्या, आणि संध्याकाळी बाहेर येऊन त्यांनी गवंड्यास एवढेच विचारले, की ही माती टाकून तर देणार नाहीस ना? तो म्हणाला, “टाकतो कशाला बाई, ही पांढरी माती पुन्हा भिजवायची, मळायची आणि पूर्वेच्या भिंतीस लावायची. नवी माती इतकी चांगली मिळत नाही.” तसेच त्याने केले. जी भिंत आमच्या सिमेंटने खराब झाली होती ती आज आत्याबाईंच्या खोलीच्या मातीने उभी आहे, आणि वर चुन्याचा हात आहे.

माडीवर पुतणीने शनिवार-रविवार गावातील मुलांस चित्रकला शिकविण्यास आरंभ केला. फी घेत नाही. कागद ज्याने त्याने आणावा. दसऱ्यास तेथेच त्यांच्या चित्रांचे प्रदर्शन भरले. पोळ्याचे बैल, संत्र्यांच्या पेट्या, जिनाबाहेर उभ्या कापसाच्या गाड्या, आणि एका मुलाने काढलेला आमच्याच वाड्याचा देखावा, ज्यात छपराला मुद्दाम एक भोक दाखविले होते. ज्या ओसरीवर वर्षानुवर्षे घरच्या माणसांखेरीज कोणी फिरकले नाही, तेथे त्या दिवशी चपलांच्या रांगा लागल्या. दादा दाराशी उभे राहून सर्वांस “जिन्यावर जपून” असे सांगत होते.

ते भोक काल्पनिक नव्हते. प्रदर्शनाच्या आदल्या आठवड्यात परतीचा पाऊस झाला, तेव्हा माडीच्या वायव्य कोपऱ्यात पाणी टपकू लागले होते, आणि ते प्रथम त्या मुलासच दिसले. त्याने ओरडून सांगितले. दादांचा चेहरा पडला. एवढा खर्च करून पुन्हा गळती! आत्याबाई मात्र उठल्या, स्वयंपाकघरातून पितळी गंज आणून थेंबाखाली ठेवला, आणि पुतणीस म्हणाल्या, “तो कोपरा वहीत लिहून ठेव. मृगाच्या आधी तेथूनच सुरुवात करायची.”